पहाटेचा रस्ता कोणाचा?



गोंडपिपरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुक्याचे गाव. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला वर्धा, आणि दोन्ही एकत्र येऊन जिची प्राणहिता होते तो संगमही फार दूर नाही. धानाची शेती, मधूनमधून जंगल, नदीपलीकडे एकीकडे गडचिरोली आणि दुसरीकडे तेलंगण. अशा या मुलखात पहाटे पाचच्या सुमारास आष्टीकडे वा कोठारीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने दोघी-तिघींचे घोळके धावताना दिसतात. ओढणी कमरेला घट्ट आवळलेली, एकीच्या हातात वेळ मोजण्यासाठी मोबाइल, आणि कोणाचा भाऊ घरी असेल तर मागून त्याच्या मोटारसायकलीचा मिणमिणता प्रकाश. उजाडायच्या आत त्यांना घर गाठायचे असते. उजाडले की रस्ता वाहनांचा होतो, आणि त्यानंतर पानठेल्यांवर बसणाऱ्यांचा होतो.

या मुली कशासाठी धावतात? हौस म्हणून धावण्याची चैन अजून या भागातील मुलीच्या वाट्याला आलेली नाही. त्या भाकरीसाठी धावतात. पोलीस शिपाई पदाच्या अलीकडच्या भरत्यांत मुलींची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यांपैकी २० गुण ८०० मीटर धावण्याचे, १५ गुण १०० मीटर धावण्याचे आणि १५ गोळाफेकीचे. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांच्या बळावर ठरतात. वनरक्षकाच्या २०२३ च्या भरतीत मुलींना ३ किलोमीटर धावावे लागले. शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, हा स्त्रीचळवळीने आणि पुरोगामी विचाराने मिळवलेला हक्क आहे. पण राखीव जागेपर्यंत जी वाट जाते ती या ८०० मीटरांवरून जाते. आणि ते ८०० मीटर सराव करून जिंकायचे कोठे, याचे उत्तर हक्क देणाऱ्याने दिलेले नाही. शहरातल्या मुलीला शुल्क भरून खासगी प्रशिक्षण मिळते, आखलेले मैदान मिळते. दोन एकर धानाच्या बांधीवर किंवा मोलमजुरीवर जगणाऱ्या घरातल्या मुलीला मिळतो तो डांबरी रस्ता, तोही अंधारातला.

त्या रस्त्याचे रूपही बदलले आहे. २०२१ नंतरच्या वर्षांत सूरजागडचे लोहखनिज वाहून नेणारी अवजड वाहने आष्टीच्या बाजूने या रस्त्यांवर धावू लागली. रस्ते खचले, धुळीने गावे माखली, अपघात झाले, लोकांनी आंदोलने केली. ज्या रस्त्यावरून बैलबंडी, सायकल आणि एस.टी. जात असे, त्या रस्त्यावर आता माणसाला कडेलाही जागा उरत नाही. डांबराची कड संपली की खड्डा, खड्ड्यापलीकडे झुडपे. धावणाऱ्या मुलीने पाय ठेवायचा कोठे?

या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर ७ ऑगस्ट २०२५ रोजी शेजारच्या जिल्ह्यात मिळाले. गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली या गावाजवळ पहाटे रस्त्याच्या कडेला व्यायाम करणाऱ्या सहा मुलांना भरधाव ट्रकने चिरडले. चार मुले दगावली. ती मुलगे होती, मुली नव्हत्या. म्हणून या विषयाशी तिचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये. वस्तुतः संबंध अगदी जवळचा आहे. शासनाने मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली, शोक व्यक्त झाला, चालकाचा शोध घेतला गेला. हे सारे आवश्यकच होते. परंतु ती मुले पहाटे महामार्गाच्या कडेला का होती, हा साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. गावात धावायला सुरक्षित जागा असती तर ती मुले महामार्गावर गेली नसती. आणि जो रस्ता मुलग्यांना एवढा जीवघेणा आहे, तो मुलींना किती असेल? मुलग्याला एक भय, वाहनाचे. मुलीला त्याच्याबरोबर आणखी एक.

या जंगलपट्ट्यात एकूण तीन भये सांगितली जातात. पहिले ट्रकचे. दुसरे वाघाचे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाचे भय ही काही कविकल्पना नव्हे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोंडपिपरी तालुक्यातही वाघाने माणसांचे बळी घेतले, तेव्हा संतप्त लोकांनी रस्ता रोखून धरला. या दोन भयांविषयी गाव मोठ्याने बोलते. तिसऱ्या भयाविषयी मात्र कुजबुज होते. ते भय माणसाचे. पहाटे मुद्दाम रस्त्यावर येऊन थांबणारा, मोटारसायकल हळू करून शेजारून चालवणारा, अचकट बोलणारा, मोबाइलवर धावणारीचे चित्रण करणारा, आणि एखादी एकटी दिसली की धाडस वाढणारा पुरुष. मुली ते घरी सांगत नाहीत. का सांगत नाहीत? कारण सांगितले की दुसऱ्या दिवसापासून धावणे बंद होते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

येथे या समाजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा होते. वाघाने माणूस मारला की गाव महामार्ग अडवते, वनखात्याला जाब विचारते, पिंजरा लावायला लावते. बैलाला, गाईला, माणसाला घरात कोंडून ठेवा असे कोणी म्हणत नाही; वाघाचा बंदोबस्त करा असे म्हणतात. पण मुलीचा पाठलाग करणाऱ्या माणसासाठी कोणी रस्ता अडवीत नाही. तेथे अडवला जातो तो मुलीचाच रस्ता. जो अपराध करतो तो पानठेल्यावर मोकळा आणि जिच्यावर अपराध होतो ती घरात बंद. या उफराट्या न्यायालाच लोक मुलीची काळजी म्हणतात.

ही काळजी किती खरी आहे हे तपासून पाहण्यासारखे आहे. या भागातील स्त्री अंधारात कधी घराबाहेर पडली नाही काय? चैत्रात मोह गळू लागतो तेव्हा पहाटेच्या काळोखात टोपली घेऊन मोहफुले वेचायला जाणारी कोण असते? उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी उजाडण्यापूर्वी जंगलात शिरणारी कोण? पावसाळ्यात रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी अंधारात परतणारी कोण? दूरच्या विहिरीवरून, हातपंपावरून पाणी आणणारी कोण? आणि घरात संडास नव्हता तेव्हा रोज दिवस उगवण्यापूर्वी व मावळल्यानंतर नाइलाजाने बाहेर जाणारी कोण? डॉ. राममनोहर लोहियांनी स्त्रियांच्या शौचालयांचा प्रश्न राजकारणात आणला तेव्हा अनेक प्रतिष्ठितांनी नाके मुरडली; पण देशातील कोट्यवधी स्त्रियांच्या दैनंदिन अप्रतिष्ठेवर त्यांनी नेमके बोट ठेवले होते.

या साऱ्या कामांसाठी स्त्री अंधारात बाहेर पडली तेव्हा तिच्या सुरक्षिततेची चिंता कोणाला फारशी पडली नाही. वाघ तेव्हाही होता, माणूसही तोच होता. कुटुंबाचे पोट भरायला ती जंगलात गेली तर ते कर्तव्य. स्वतःचे आयुष्य घडवायला ती रस्त्यावर धावली तर ते धाडस, किंबहुना आगाऊपणा. डोक्यावर ओझे असले की स्त्री रस्त्यावर शोभते, हात मोकळे असले की शोभत नाही. प्रश्न सुरक्षिततेचा म्हणून मांडला जातो, पण त्याच्या मुळाशी सत्तेचा प्रश्न आहे. स्त्रीचा देह श्रमासाठी सार्वजनिक आणि स्वातंत्र्यासाठी खासगी, ही जी विभागणी आहे ती मोडल्याशिवाय कितीही दिवे लावले तरी रस्ता उजळणार नाही.

स्त्रीला घरात वा सरकारी छत्राखाली ठेवले की ती सुरक्षित होते, या समजुतीचा खोटेपणा साऱ्या देशाला याच मुलखाने दाखवून दिला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर ठाण्यातीलच दोघा पोलिसांकडून बलात्कार झाल्याचा तो खटला. देशाला तो मथुरा खटला म्हणून माहीत आहे. देसाईगंज १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती होती, असा त्या निकालाचा आशय होता. रात्री बंद ठाण्यात, खाकी वर्दीपुढे, एका पोरक्या मजूर मुलीने प्रतिकाराचा पुरावा अंगावर वागवावा अशी अपेक्षा न्यायासनाने केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे असे ठरले.

ती मुलगी मध्यरात्री कोठे भटकत नव्हती. तिला ठाण्यात बोलावले होते. जी जागा तिच्या संरक्षणासाठी होती तेथेच हे घडले. म्हणून घरात राहा, अंधारात जाऊ नका, एकटीने फिरू नका या उपदेशाने स्त्री सुरक्षित होते, असे निदान या जिल्ह्यांत तरी कोणी सांगू नये. आणि याच इतिहासामुळे आजच्या धावणाऱ्या मुलीचे मोल वाढते. ज्या जंगलपट्ट्यात एका कष्टकरी मुलीला पोलीस ठाण्याच्या दाराआड न्याय नाकारला गेला, त्याच पट्ट्यातील कष्टकऱ्यांच्या मुली आज त्या ठाण्यात अधिकाराने प्रवेश करण्यासाठी पहाटे धावत आहेत. खुर्चीवर बसून फिर्याद लिहून घेणारी बाई आपल्यातलीच असेल तर फिर्याद सांगणारीचा आवाज कापणार नाही. वर्दी घातल्याने कोणी आपोआप न्यायी होत नाही, हे खरे. परंतु ठाण्यात एकही स्त्री नसणे आणि अनेक स्त्रिया असणे यांत जे अंतर आहे ते ८०० मीटरांचे आहे.

या ८०० मीटरांनाही एक इतिहास आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. शर्यतीनंतर काही धावपटू थकून जमिनीवर टेकल्या. पुरुष थकून बसले तर त्याला पराक्रम म्हणत. स्त्रिया बसल्या तर वृत्तपत्रांनी हाहाकार केला, हे अंतर स्त्रीदेहाला झेपणारे नाही असा निष्कर्ष काढला, आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून जी काढून टाकली ती १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत परत आली नाही. बत्तीस वर्षे जगातल्या शहाण्या पुरुषांनी स्त्रियांना ८०० मीटर धावू दिले नाही, तेही त्यांच्या हिताच्या नावाखाली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावे लागले. जे अंतर एकेकाळी स्त्रीला घातक म्हणून निषिद्ध होते, तेच अंतर आज गोंडपिपरीच्या मुलीकडून नोकरीची अट म्हणून मागितले जाते. काळ बदलला, पण धावण्यासाठीची जागा मात्र आली नाही.

हिताच्या नावाखाली बंदी घालण्याची ही रीत सर्वत्र एकच आहे. १९७७ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात स्त्रियांचे खून होत होते, तेव्हा पोलिसांनी स्त्रियांनाच रात्री घरी थांबण्याचा सल्ला दिला. लीड्ससारख्या शहरांतील स्त्रियांनी त्याविरुद्ध रात्री मोर्चे काढले. त्यांचे म्हणणे साधे होते: खुनी पुरुष आहे, मग घरी बसायचे कोणी? २०२२ च्या जानेवारीत आयर्लंडमधील टलामोर येथे कालव्याकाठच्या नेहमीच्या वाटेवर पळायला गेलेल्या एका तरुण शिक्षिकेचा खून झाला. वेळ दुपारी चारची होती. अंधार नव्हता, रान नव्हते, वाट अनोळखी नव्हती. ती फक्त धावायला गेली होती, एवढेच वाक्य त्या देशातील स्त्रियांनी पुन्हा पुन्हा उच्चारले. श्रीमंत देश, चांगले रस्ते, दुपारचा उजेड, तरीही हे घडते; याचा अर्थ वेळ, कपडे आणि सोबत यांविषयीचे उपदेश रोगावर नव्हेत. रोग आहे तो सार्वजनिक जागा पुरुषाची आणि स्त्री तेथे पाहुणी, या समजुतीत.

मग दिव्यांची, मैदानाची, पोलिसांची गरज नाही काय? आहे, निश्चित आहे. समजूत बदलेपर्यंत मुलींनी वाट पाहावी असे म्हणणे हा दुसरा अन्याय होईल. शिवाय समजुती भाषणांनी जेवढ्या बदलतात त्याहून अधिक व्यवहाराने बदलतात. रोज पहाटे ज्या मैदानावर चाळीस मुली धावतात त्या मैदानावर एक्केचाळिसावीला भय वाटत नाही, आणि ते दृश्य रोज पाहणाऱ्या गावाला महिन्याभरात त्यात काही विशेष वाटेनासे होते. स्त्रियांची संख्या हेच स्त्रियांचे पहिले संरक्षण. या जिल्ह्यातील स्त्रियांना हे नवीन नाही. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीच्या मागणीसाठी हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. वाटेत त्यांना कोणाच्या सोबतीची गरज लागली नाही. त्या एकमेकींची सोबत होत्या.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. मुलींच्या धावण्याचा विषय निघाला की वक्ते थोर धावपटूंची नावे घेतात, टाळ्या पडतात आणि सभा संपते. ती नावे घेण्यासारखीच आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावल्या. आणि याच चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळेतील मनीषा धुर्वे २०१८ च्या मे महिन्यात आपल्या सहकाऱ्यांसह एव्हरेस्टच्या शिखरावर उभ्या राहिल्या. या मुलखातील मुलीच्या पायांत बळ आहे की नाही, हा वाद त्या दिवशी मिटला. परंतु एव्हरेस्टवर मुलगी पाठवणाऱ्या जिल्ह्यात गावाच्या वेशीपर्यंत मुलगी निर्धास्त धावू शकत नसेल, तर तो पराक्रम त्या मुलीचा आहे, व्यवस्थेचा नव्हे. समाजवादी विचार अपवादांचा गौरव करून थांबत नाही. जे अपवादाला मिळाले ते सर्वांना का मिळत नाही, हे तो विचारतो.

बल्लारपूरजवळ विसापूर येथे उत्तम क्रीडासंकुल उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, देशभरातून मुले-मुली आली. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु गोंडपिपरी तालुक्यातील मुलीने पहाटेच्या सरावासाठी रोज विसापूर गाठावे अशी कल्पना कोणी करू शकत नाही. सरावाची जागा पायी दहा मिनिटांच्या अंतरावर असेल तरच ती मुलीची जागा. म्हणून प्रश्न एका मोठ्या मैदानाचा नसून शंभर लहान मैदानांचा आहे.

मागण्या काय असाव्यात? पहिली मागणी अशी की प्रत्येक मोठ्या गावात किमान २०० मीटर फेरीची, मुरूम घालून सपाट केलेली धावपट्टी असावी. चार फेऱ्यांत ८०० मीटर पुरे होतात. याला परदेशी रबर लागत नाही, मुरूम, रोलर आणि इच्छा लागते. बहुतेक गावांत शाळेचे पटांगण आहे; पहाटे पाच ते सात ते मुलींसाठी उघडे राहावे, फाटकाची किल्ली मुलींच्या गटाकडे असावी. तेथे दोन दिवे, पाण्याचा नळ आणि दार लागणारे स्वच्छतागृह असावे. ज्यांना ही मागणी क्षुल्लक वाटते त्यांनी पाळीच्या दिवसांत उघड्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलीची अडचण एकदा आपल्या घरातील स्त्रियांना विचारावी.

दुसरी मागणी रस्त्याची. ज्यांना धावपट्टी दूर पडते त्या धावणारच आहेत. म्हणून गावाला लागून असलेल्या रस्त्याची कड पक्की करावी, झुडपे वर्षातून दोनदा तोडावी, आणि गावाच्या हद्दीत पहाटेच्या वेळी अवजड वाहनांचा वेग काटेकोरपणे रोखावा. झुडपे तोडल्याने माणूसही दिसतो आणि वाघही. वाघाचा वावर असेल तेव्हा वनखात्याने त्याची खबर गावाला वेळेवर द्यावी, म्हणजे त्या दिवशीचा सराव गावातल्या धावपट्टीवर होईल. सराव बंद करणे हा उपाय नव्हे.

तिसरी मागणी पोलिसांकडे. पाठलाग करणे हा गुन्हा आहे. २०१३ पासून तो कायद्यात आहे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. शब्दाने, हावभावाने स्त्रीचा अवमान करणे हाही कलम ७९ खाली गुन्हा आहे. ११२ या क्रमांकावर हाक मारता येते. पण फिर्याद घेताना मुलीला पहिला प्रश्न ‘एवढ्या पहाटे तू तेथे काय करत होतीस?’ असा विचारला जाणार असेल तर ही कलमे कागदावरच राहतील. हा प्रश्न ठाण्यात विचारला जाऊ नये. पहाटेच्या गस्तीने मुलींची चौकशी करू नये, थांबलेल्या मोटारसायकलीची करावी.

पैसा कोठून येणार, असा आक्षेप येईल. राज्याच्या क्रीडा धोरणांनी तालुका क्रीडासंकुलांची योजना कधीच मान्य केली आहे. पण त्याहून न्याय्य असा एक स्रोत या जिल्ह्यांत आहे. २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणचालकांकडून येणारा हा निधी खाणकामाने बाधित झालेल्या लोकांसाठी आहे. चंद्रपूरचा कोळसा आणि गडचिरोलीचे लोखंड यांतून हा निधी जमतो. खनिजाच्या वाहनांनी ज्या मुलींना रस्त्यावरून हुसकावले त्या बाधित नव्हेत तर कोण बाधित? जमिनीखालचे धन वाहून नेणाऱ्याने जमिनीवर धावणाऱ्या मुलीला एक धावपट्टी द्यावी, ही भीक नसून भरपाई आहे. शासनाने मुलींना शाळेत नेण्यासाठी मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या सुरू केल्या, तेव्हा घर ते शाळा हे अंतर सुरक्षित करणे ही सरकारची जबाबदारी आहे हे तत्त्व मान्य झाले. शाळा ते नोकरी हे अंतरही त्याच जबाबदारीत मोडते.

दुसरा आक्षेप गावातूनच येईल. मुलींना पहाटेची वेळ दिली तर मुलांनी खेळायचे कोठे? मैदान दिवसाचे चोवीस तास असते. आजवर सकाळ-संध्याकाळ ते मुलांच्या क्रिकेटचे होते आणि मुली कठड्याबाहेर उभ्या होत्या, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. दोन तासांच्या समतेने कोणावर अन्याय होत नाही. उलट बहिणीला मैदानावर नियमाने जागा देणारा मुलगा रस्त्यावर दुसऱ्याच्या बहिणीची वाट अडवणार नाही. पुरुषांचे खरे शिक्षण येथे आहे. मुलीच्या मागून मोटारसायकल नेणाऱ्या भावाची माया खोटी नाही. पण त्याचे अधिक मोठे काम पानठेल्यावर आहे. तेथे बसलेल्या मित्राने शेरा मारला तर त्याला तेथेच थांबवणे, हे बहिणीच्या मागे रोज पाच किलोमीटर जाण्यापेक्षा अवघड आहे आणि अधिक उपयोगाचे आहे.

हे सारे मुंबईहून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागांवर निवडून आलेल्या स्त्रियांनी, आणि त्यांच्या खुर्चीवर बसून कारभार करणाऱ्या त्यांच्या पतींना बाजूला सारून, हा विषय पहिल्यांदा महिला सभेत घ्यावा. शाळेचे पटांगण पहाटे उघडे, दोन दिवे, एक नळ, एक स्वच्छतागृह, रस्त्याची झुडपे साफ: पाच ओळींचा ठराव पुरेसा आहे. तो ग्रामसभेत मंजूर करून घ्यावा, गोंडपिपरीत नगरपंचायतीकडून करवून घ्यावा, आणि तीन महिन्यांनी त्याचे काय झाले हे त्याच सभेत विचारावे. ज्या धावतात त्या मुलींनी या सभांना यावे. त्यांच्या वतीने बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी स्वतः बोलण्याची गरज आहे.

शेवटी एकच गोष्ट. आज गोंडपिपरीची मुलगी धावते तेव्हा तिच्याजवळ एक कारण असते: भरती. घरी विचारले तर ती भरतीचे नाव सांगते, आणि नोकरीच्या आशेने घर तिला जाऊ देते. भरती संपली, वय ओलांडले किंवा लग्न झाले की तिचे धावणे थांबते, कारण तिच्याजवळचे कारण संपते. पुरुषाला मैदानावर जायला कारण लागत नाही. ज्या दिवशी या गावातील तिशीची, चाळिशीची स्त्री, जिला कोणतीही परीक्षा द्यायची नाही, केवळ धावावेसे वाटले म्हणून पहाटे दार उघडून बाहेर पडेल आणि कोठे चाललीस असे तिला कोणी विचारणार नाही, त्या दिवशी हा रस्ता सार्वजनिक झाला असे म्हणता येईल. तोवर तो फक्त डांबरी आहे.

काटलीच्या चार मुलांसाठी मैदान वेळेत तयार झाले नाही. गोंडपिपरीच्या मुली उद्या पहाटे पुन्हा रस्त्यावर असतील. पुढच्या ग्रामसभेला अजून अवधी आहे. ठराव मात्र आजच लिहून ठेवता येईल.